जाना, सुनील

(१७ एप्रिल १९१८ – २१ जून २०१२). व्यक्तिचित्रे, नृत्य व वृत्तचित्रण या तिन्ही प्रकारांत काम केलेले भारतीय छायाचित्रकार. जन्म आसाममधील दिब्रुगढ येथे, शिक्षण कोलकात्यात. १९४३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे घेण्यासाठी त्यांना सोबत नेले. चित्रकार चित्तप्रसादही बरोबर होते. ही छायाचित्रे ‘पीपल्स वॉर’ या पक्षपत्रात आली (त्याचे मराठी भावंड म्हणजे ‘लोकयुद्ध’). त्यांची पोस्टकार्डे काढून मदतनिधीही जमवण्यात आला. पुढे जाना मुंबईत पक्षाच्या मुख्यालयात राहून काम करू लागले.

त्यांच्या शैलीच्या उगमाविषयी एकमत नाही. शेतकरी, कामगार व आदिवासी यांना खालच्या कोनातून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर भारदस्त उभे करण्याची त्यांची रीत सोव्हिएत छायाचित्रणातून अथवा अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या सहवासातून आली, असे मानण्याकडे कल आहे. बर्क-व्हाइट यांच्याबरोबर त्यांनी दक्षिणेतील दुष्काळी भागात प्रवास केला, हे खरे. तथापि तो साधारणतः १९४५–४६ च्या सुमाराचा. माणसाच्या अगदी जवळ जाऊन त्याची नजर टिपण्याची हातोटी १९४३ च्या चित्रांतच दिसते. त्यामुळे हा प्रभाव पूरक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गांधी, नेहरू, जिना आदींच्या व्यक्तिचित्रांतही हीच जवळीक आहे.

१९४८ नंतर, पक्षाची भूमिका बदलल्यावर, ते पक्षापासून दूर झाले व कोलकात्यात व्यावसायिक छायाचित्रण करू लागले. पोलादाचे कारखाने व धरणे त्यांनी याच काळात टिपली. नृत्यचित्रांत शांता राव यांची चित्रे सर्वांत मोलाची आहेत. ताणलेली मान, रोखलेले डोळे आणि जमिनीत रोवल्यासारखी पावले यांतून नर्तकीच्या शरीरातले बळ त्यांनी पकडले. नाजूकपणावर भर दिला नाही. या चित्रांचा डान्सेस ऑफ द गोल्डन हॉल (१९७९) हा ग्रंथ दुष्काळचित्रांच्या कीर्तीमुळे काहीसा झाकोळला गेला आहे. तो स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. द सेकंड क्रीचर (१९४९) या आधीच्या संग्रहाची मांडणी सत्यजित राय यांची. आदिवासींची चित्रे मुख्यतः चाळीस–पन्नासच्या दशकांतील असून ती द ट्रायबल्स ऑफ इंडिया (१९९३) मध्ये संकलित आहेत.

पद्मश्री किताबाचे मानकरी. उत्तरायुष्य लंडन व नंतर कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, तेथेच निधन.