स्केल मॉडेलवरून खऱ्यासारखे विमानांचे फोटो

प्लास्टिकच्या किटमधून बनवलेल्या छोट्या विमानाचा फोटो काढायचा, त्याला खरं आकाश किंवा खरी धावपट्टी जोडायची आणि एडिटिंग करून तो उडत्या किंवा उभ्या खऱ्या विमानाचा वाटेल इथपर्यंत न्यायचा, अशी ही कला आहे. १/७२ (म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं) आणि १/४८ हे स्केल यात जास्त चालतात. भारतीय हवाई दलाचं नॅट विमान साधारण पावणेनऊ मीटर लांब होतं, १/७२ मध्ये ते जेमतेम १२ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे तळहातावर मावतं.

कॉम्प्युटर यायच्या खूप आधीपासून हे चालू आहे. १९३३ साली लंडनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकाची डायरी म्हणून पुस्तक निघालं, त्यात हवेतल्या झुंजींचे इतके जवळून काढलेले फोटो होते की लोक थक्क झाले. ते खरे की खोटे हा वाद पुढे पन्नास वर्षं चालला, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलेल्या कागदपत्रांतून कळलं की हे सगळं वेस्ली डेव्हिड आर्चर या माणसाचं काम, त्याने मॉडेलं टांगून फोटो काढले आणि तारा पुसून टाकल्या. हात विलक्षण होता त्याचा, पण लोकांना फसवलं हे फसवलंच. म्हणून आजही असा फोटो टाकताना खाली 'मॉडेल, १/७२' एवढं लिहायलाच हवं, नाहीतर चार फॉरवर्डनंतर तोच फोटो युद्धाचा पुरावा म्हणून फिरायला लागतो.

आता फोटो 'खेळण्याचा' का वाटतो ते बघू. बहुतेकांना वाटतं मॉडेलमध्ये बारकावे कमी पडले, पण खरं कारण बऱ्याचदा फोकस असतं. कॅमेरा मॉडेलपासून ५० सेंटिमीटरवर ठेवला तर तो खऱ्या विमानापासून ३६ मीटरवर उभा असल्यासारखा झाला, आणि ३६ मीटरवरून काढलेल्या फोटोत विमान नाकापासून शेपटीपर्यंत स्पष्ट येतं. ५० सेंटिमीटरवर मात्र नाक स्पष्ट आलं की शेपूट पुसट होते, आणि डोळ्याला लगेच कळतं की वस्तू छोटी आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र, लहान केलं, कॅमेऱ्यावरचा आकडा एफ १६ किंवा २२ पर्यंत नेला, तर फरक पडतो पण फार लहान केलं की सगळाच फोटो किंचित धूसर पडतो. मग उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवून फोकस थोडा थोडा मागे सरकवत दहा-वीस फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचा स्पष्ट भाग घेऊन एक फोटो बनवायचा. साधा मोबाइल इथे चांगला कामाला येतो कारण त्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे आपोआपच जास्त भाग फोकसमध्ये राहतो. शिवाय पावणेसहा फुटी माणसाची नजर १/७२ मध्ये जमिनीपासून अडीच सेंटिमीटरच्या आत येते, एवढ्या खाली मोठा कॅमेरा जातच नाही, मोबाइल मात्र उलटा धरला की लेन्स टेबलाला टेकते.

प्रकाशाचं म्हणाल तर सूर्य एकच आहे, म्हणून दिवाही एकच, आणि तो लांब ठेवायचा. दोन बाजूंनी दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात आणि तिथेच सगळं फसतं. सगळ्यात छान म्हणजे गच्चीवर चारच्या उन्हात काढायचा. विमान उडतंय असं दाखवायचं असेल तर पोटाखाली हिरवा किंवा मातकट कागद ठेवायचा, जमिनीचा रंग पोटावर हलका उतरतो, चंदेरी विमानावर तर फारच.

जवळून बघितलं तर मॉडेल निर्दयपणे उघडं पडतं. पंखावर चिकटलेला एक मिलिमीटर जाडीचा धाग्याचा गुंता खऱ्या मापात सात सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होतो, आणि पत्र्यांच्या जोडाची रेघ, म्हणजे पॅनल लाइन, ०.३ मिलिमीटरची असली तरी खऱ्या मापात पत्र्यात दोन सेंटिमीटरची फट. कॅनोपीवरचा, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावरचा, अंगठ्याचा ठसा तर डोळ्यांना दिसत नाही, फोटोत ढगासारखा पसरतो, म्हणून आधी मऊ कापडाने पुसून, ब्रशने झटकून घ्यायचं आणि मगच बटण दाबायचं.

एडिटिंगमध्ये मॉडेल कापून आकाशाच्या लेयरवर ठेवतात, स्टँडची काडी पुसतात. आकाशातला सूर्य आणि मॉडेलवरचा उजेड एकाच बाजूचे हवेत. पंख्याचं विमान असेल तर पंखा फिरता दाखवायचा, स्तब्ध पंख्याचं विमान हवेत टांगल्यासारखं दिसतं. चाकं आत, कॉकपिटमध्ये पायलट बसलेला, लांबच्या गोष्टी किंचित फिकट आणि निळसर, आणि शेवटी सगळ्यावर एकसारखा ग्रेन (फोटोतला बारीक रवाळपणा), म्हणजे दोन वेगळे फोटो एकाच कॅमेऱ्यातले वाटतात.

आपल्याकडे या कलेला खरं काम आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊन एकटे पाकिस्तानी सेबर विमानांशी लढले आणि शहीद झाले, हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. अशा झुंजीत बाजूने उडत फोटो काढणारं कुणी नसतं. तळहाताएवढं नॅट, मागे डिसेंबरातले बर्फाळ डोंगर आणि कमी उंचीवरून वळताना एका बाजूला कललेले पंख, एवढं नीट जमवलं तरी ते छोटं विमान किती एकटं होतं हे दिसतं.