‘क्रॅक कॉर्निया’: नाव एक, जखमा अनेक

कोकेनची डोळ्याशी गाठ पडली ती शस्त्रक्रियेमुळे. 1884 साली व्हिएन्नातल्या एका तरुण डॉक्टरने कोकेनचे द्रावण स्वतःच्या डोळ्यात घालून पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्निया), टाचणी टेकवली. जाणवले काहीच नाही. त्याच सप्टेंबरात हायडेलबर्गच्या परिषदेत हे जाहीर झाले. पण तेच द्रावण वारंवार घातले की पारपटलाचा वरचा थर धूसर होऊन सुटतो, हेही लवकरच कळले. पुढे भूल देणारे कृत्रिम थेंब आले.

1980 च्या दशकात क्रॅक, म्हणजे धुरातून ओढायचे कोकेन, ओढणाऱ्यांच्या पारपटलावर व्रण दिसू लागले आणि ‘क्रॅक कॉर्निया’ हे नाव रूढ झाले. नाव सुटसुटीत, पण दिशाभूल करणारे. धुराने थेट भाजणे, बधिर झालेल्या डोळ्याची पापणी पुरेशी न मिटणे, डोळे चोळणे आणि वर जंतू किंवा बुरशी बसणे, हे सगळे त्यात कोंबलेले आहे. उपचार मात्र वेगवेगळे. पापणी मिटत नसल्याने झालेली इजा बहुधा खालच्या भागात असते; तिथे वंगणाचे थेंब आणि झाकण लागते. पांढरा डाग आणि पू दिसला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी खरवडून नमुना घ्यावा. नंतर घेतला तर जंतू उगवेलच असे नाही. कापसाच्या धाग्याने संवेदना तपासायची ती भुलीचा थेंब घालण्याआधीच. हा क्रम चुकला की तपासणी फुकट. व्रण दुखत नाही म्हणून रुग्ण उशिरा येतो आणि तोवर फूल पडलेले असते.

ॲम्फेटामाइन, मेथ, एक्स्टसी या उत्तेजक नशांचा मार्ग निराळा. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे मज्जातंतूंचे रसायन वाढून बाहुली फैलावते. डोळ्यातले पाणी जिथून निचरते तो कोन ज्यांचा मुळात अरुंद, त्यांच्यात तो बंद होऊन डोळ्यातला दाब एरवीच्या 10 ते 21 मिमी पाऱ्यावरून 40 च्या पुढे जाऊ शकतो. रक्तवाहिन्या आकसून दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा) रक्तपुरवठाही तुटू शकतो. मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाच्या गोळ्या कुटून शिरेत टोचणाऱ्यांत गोळीतली टाल्कची भुकटी दृष्टिपटलाच्या बारीक वाहिन्यांत अडकते. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूभोवती चकाकणारे कण दिसतात. नशा ताजी असेल तर बाहुली मोठी करायला 10% फिनाइलेफ्रिन घालू नये, रक्तदाब उसळतो.

तपासणीच्या टेबलावरची भुलीची बाटली रुग्णाच्या हाती कधीच देऊ नये. दुखणे थांबते, व्रण मात्र भरत नाही, खोल जातो. 1884 च्या द्रावणात हाच दोष होता.