उच्चशक्ती अर्धसंवाहक लेसर : कार्यक्षमता आणि झोताची गुणवत्ता

अर्धसंवाहक लेसर (डायोड लेसर) विजेचा थेट प्रकाश करतो. दिलेल्या विजेपैकी किती वाटा लेसर-प्रकाश होऊन बाहेर पडतो, ही त्याची कार्यक्षमता; आणि तो प्रकाश किती लहान ठिपक्यात एकवटता येतो व किती कमी फाकतो, ही झोताची गुणवत्ता. धातू कापायला किंवा फायबर लेसरला (काचेच्या तंतूत प्रकाश निर्माण करणाऱ्या लेसरला) ऊर्जा पुरवायला नुसते वॅट पुरत नाहीत, दोन्ही गुण लागतात. अडचण अशी की एक वाढवायला गेले की बहुधा दुसरा घसरतो.

१९६२ मधले पहिले डायोड लेसर अतिथंड ठेवून, स्पंदांनीच चालवावे लागत. १९७० मध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांचा गट आणि बेल लॅब्जमधील हायाशी व पॅनिश यांनी दुहेरी हेटेरोस्ट्रक्चर (प्रकाश देणारा थर वेगळ्या पदार्थाच्या दोन थरांमध्ये बसवलेली रचना) वापरून ते खोलीच्या तापमानाला अखंड चालवले. पुढे ताण दिलेल्या क्वांटम विहिरींमुळे (जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या थरांमुळे) लेसर सुरू व्हायला लागणारा प्रवाह खूपच कमी झाला.

आज ९०० ते १००० नॅनोमीटर पट्ट्यातील चांगल्या चिपची कार्यक्षमता ६० ते ७० टक्के असते. वरचे दहा टक्के किरकोळ वाटतात, पण हिशेब उष्णतेचा करायला हवा. १० वॅट प्रकाशासाठी ६० टक्क्यांना सुमारे ६.७ वॅट उष्णता तयार होते, ७० टक्क्यांना ४.३ वॅट, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट. उरलेली गळती मुख्यतः विद्युत रोधात आणि पी-बाजूच्या (जिथे धन भार प्रवाह वाहतात त्या) थरांत होणाऱ्या शोषणात असते. म्हणून थरांची रचना असममित ठेवून प्रकाश मुद्दाम एन-बाजूकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या बाजूकडे, सरकवतात. तिथे शोषण कमी असते.

गुणवत्तेचा प्रश्न जास्त अवघड. टोकाच्या आरशावर प्रकाशाची घनता फार वाढली तर तो क्षणात जळतो, म्हणून शक्तीसाठी चिपमधली प्रकाश देणारी पट्टी साधारण १०० मायक्रॉन रुंद करतात. प्रकाश बाहेर पडतो ती फट मात्र जेमतेम एक मायक्रॉन उंच. उभ्या दिशेत झोत खूप फाकतो, तरी त्या दिशेत एकच मोड (प्रकाशलहरीचा एकच ठरावीक आकार) असल्याने योग्य भिंगाने तो जवळजवळ आदर्श सरळ करता येतो. आडव्या दिशेत तो कमी फाकतो, पण तिथे अनेक मोड एकत्र नांदतात आणि कोणतेही भिंग ते दुरुस्त करू शकत नाही. त्यात पट्टीचा मधला भाग कडांपेक्षा जास्त तापतो, तिथला अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) वाढतो आणि चिपमध्येच एक भिंग तयार होते. प्रवाह वाढवावा तसा झोत आणखी बिघडतो. उष्णता कमी करणे हाच म्हणून दोन्ही प्रश्नांना जोडणारा धागा आहे.

उपाय अनेक आहेत. निमुळत्या लेसरमध्ये अरुंद भाग एकच मोड निवडतो आणि रुंदावत जाणारा भाग त्याला शक्ती देतो. वर्णपटीय एकत्रीकरणात प्रत्येक चिप वेगळ्या तरंगलांबीवर बांधून जाळीने (ग्रेटिंगने) सगळे झोत एकावर एक आणतात. शक्तीची बेरीज होते, गुणवत्ता जवळपास एका चिपचीच राहते.

सर्वांत मूलगामी वाट आहे फोटॉनिक स्फटिक लेसरची. त्यात प्रकाश कडेने न पडता पृष्ठभागातून बाहेर येतो आणि छिद्रांची बारीक नक्षी मोठ्या क्षेत्रावरही एकच मोड टिकवते. २०२३ मध्ये क्योटो विद्यापीठातील सुसुमु नोडा यांच्या गटाने ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा लेसरमधून ५० वॅट अखंड शक्ती मिळवली. झोत फक्त ०.०५ अंश फाकत होता. कार्यक्षमतेत मात्र ते उपकरण रुंद पट्टीच्या चिपच्या मागे होते.