उन्हात वाळवू नका, पाण्यात बुडवा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की मोबाइलवर सिमेंटच्या कुंड्यांचे व्हिडिओ सुरू होतात. जुना टॉवेल सिमेंटच्या पाण्यात बुचकळायचा, उपड्या बादलीवर पसरायचा, दुसऱ्या दिवशी बादली काढली की झालरीची कुंडी तयार. श्रीखंडाच्या डब्यात माल भरून छोटी कुंडी, वाळूच्या ढिगावर अळूचं पान पालथं घालून त्यावर थापलेलं पक्ष्यांचं पाणवठ्याचं ताट, फुग्यावर लेप देऊन केलेला दिव्याचा गोळा. करायला मजा येते, खर्च जवळजवळ नाही. व्हिडिओच्या शेवटी एक वाक्य मात्र ठरलेलं असतं : आता हे कडक उन्हात वाळू द्या.

सोलापुरात हा सल्ला तंतोतंत पाळता येतो, आणि घोळ तिथेच होतो. टॉवेल घरोघरी आहेत, ऊन तर मागाल तेवढं आहे. चार दिवस गच्चीवर तापवलेली कुंडी दिसायला ठणठणीत दिसते. मग एखाद्या महिन्यात तिचा काठ बोटानं चोळला तरी भुकटी निघते, आणि माती भरून उचलायला गेलं की झालरीचा तुकडा हातात येतो. त्यावर शेजारीपाजारी निदान करतात, 'आजकालच्या सिमेंटात राखच घालतात.' राख घालतात हे खरं आहे. पण कुंडी त्या राखेनं मोडत नाही, उन्हानं मोडते.

सिमेंट वाळून कडक होत नाही. चिखल वाळतो, शेण वाळतं, पापड वाळतो. त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेला पदार्थ ताठ होतो. पुन्हा भिजवलं की तो मऊ पडतो. सिमेंटचं तसं नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग करतं आणि पाण्याचा मोठा भाग कायमचा स्वतःत बांधून घेतं. म्हणून तर पुलाचे पाये नदीत, पाण्याखाली काँक्रीट ओतून घालता येतात. वाळून घट्ट होत असतं तर ते तिथं जन्मभर ओलंच राहिलं असतं.

जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्लंडमधल्या गवंड्यानं १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. आजचं सिमेंट त्याच्या सिमेंटापेक्षा बरंच वेगळं आहे, तरी नाव तेच राहिलं. चुनखडी आणि चिकणमातीसारखे पदार्थ दळून एकत्र करतात आणि फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्याचे राखाडी खडे बनतात. हे क्लिंकर. त्यात थोडं जिप्सम घालून बारीक दळलं की सिमेंट झालं. सोलापूरजवळ होटगीकडे सिमेंटचे जे कारखाने दिसतात तिथेही ही दळणी चालते. जिप्सम नसतं तर पाणी पडल्यावर क्लिंकरमधलं कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट इतक्या घाईनं आवळलं असतं की घमेल्यातला माल थापीवर घेईपर्यंत दगड झाला असता. जिप्सम त्याला काही तास थोपवून धरतं.

क्लिंकरमध्ये सगळ्यात महत्त्वाची असतात कॅल्शियम सिलिकेटं. पाण्यात त्यांच्या कणांचा पृष्ठभाग विरघळू लागतो, कॅल्शियम आणि सिलिकेटचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पाण्यात उतरतात. पहिले काही तास वरवर काहीच घडत नाही. माल हलवता येतो, साच्यात ओतता येतो, टॉवेलला हव्या तशा चुण्या पाडता येतात. मग अचानक वेग येतो. कणांभोवती कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म तंतू आणि पापुद्रे उगवू लागतात. शेतकरी कुंपणाला बोरी-बाभळीच्या फांद्या रचतो तेव्हा त्या एकमेकींत अडकून बसतात आणि ओढूनही निघत नाहीत, तसे एका कणाचे तंतू शेजारच्या कणाच्या तंतूंत गुंततात. कुंडीची सगळी ताकद या गुंत्यात आहे. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे साध्या विरवलेल्या चुन्याचे, स्फटिकही तयार होतात आणि उष्णता बाहेर पडते. डबाभर मालात ती हाताला जाणवेलच असं नाही. पण अमेरिकेतलं हूवर धरण १९३०च्या दशकात बांधताना काँक्रीटमध्ये नळ घालून त्यातून थंड पाणी खेळवावं लागलं होतं, कारण एवढा मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेनं तापत होता.

हे काम एका रात्रीत संपत नाही. गोणीवरचा ४३ किंवा ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरची ताकद सांगतो, दर चौरस मिलिमीटरला तेवढे न्यूटन. २८ दिवसांनंतरही तंतू हळूहळू वाढत राहतात, फक्त त्यांना पाणी मिळालं पाहिजे. छिद्रांमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली घसरली की ही क्रिया जवळजवळ थांबते. एप्रिलच्या दुपारी सोलापूरच्या हवेत त्याच्या निम्मीही आर्द्रता नसते.

आता जरा हिशेब करू. कंटाळा येणाऱ्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण माझा जीव यातच अडकला आहे. १०० ग्रॅम सिमेंट पूर्ण क्रिया होईपर्यंत साधारण २३ ग्रॅम पाणी रासायनिक बंधात घेतं. त्याखेरीज १९ ग्रॅमच्या आसपास पाणी त्या तंतूंच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत धरून ठेवलं जातं, ते दुसऱ्या कामाला येत नाही. एकूण ४२. म्हणजे एक किलो सिमेंटला ४२० मिलिलिटर पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं प्रत्येक मिलिलिटर कणाकणांमध्ये जागा अडवून बसतं आणि उडून गेलं की मागं पोकळी ठेवतं. पाणी वाढलं की ताकद घटते हा नियम डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकानं १९१८मध्ये मांडला. गवंडी त्याचं नाव न घेता तेच सांगतो, 'माल पातळ करू नका.' टॉवेलची पंचाईत अशी की तो भिजायला माल सरसरीत लागतो. त्यातून वाट काढायची तर सिमेंटात चाळलेली बारीक वाळू निम्म्याला निम्मी घालावी, पाणी हात आखडून ओतावं आणि बांधकामाच्या दुकानात मिळणारं प्लास्टिसायझर त्याच्या डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावं. त्यानं पाणी न वाढवता माल वाहता होतो.

दुसरा हिशेब जाडीचा. घराचा स्लॅब १२ सेंटिमीटर जाड आणि हवेला फक्त वरून उघडा. म्हणजे एक घनमीटर काँक्रीटमागे आठ-साडेआठ चौरस मीटर पृष्ठभाग. टॉवेलची कुंडी एक सेंटिमीटर जाड. बादली काढली की आतून-बाहेरून उघडी. तिच्या एक घनमीटर मालाला २०० चौरस मीटर पृष्ठभाग पडतो, स्लॅबच्या जवळजवळ चोवीसपट. अशा कवचात दर चौरस मीटरला साधारण चार लिटर पाणी असतं. ताज्या काँक्रीटवरून तासाला चौरस मीटरमागे एक लिटर पाणी उडू लागलं की तडे पडण्याचा धोका धरतात, आणि चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, कोरडी हवा आणि थोडा वारा असला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बादलीवर असताना एकच बाजू उघडी आहे असं धरलं तरी तंतू उगवायला नीट सुरुवात व्हायच्या आत कुंडीचं पाणी संपलेलं असतं. गंमत म्हणजे त्याच घरावर स्लॅब पडला की हेच लोक वर मातीची आळी करून आठवडाभर पाणी भरून ठेवतात, सकाळ-संध्याकाळ पाइप धरतात. कुंडीला स्लॅबपेक्षा जास्त तहान असते, आणि तिला मिळतं ऊन.

उपाय सोपा आहे. माल सावलीत आणि संध्याकाळी घाला. टॉवेल बादलीवर बसला की लगेच वरून प्लास्टिकची मोठी पिशवी सैल ओढून कडा विटांनी दाबा. दुसऱ्या दिवशी बादली काढा आणि कुंडी सरळ हौदात किंवा टबात बुडवा. मोठी वस्तू बुडत नसेल तर जुनी सोलापुरी चादर भिजवून तिच्याभोवती गुंडाळा. जाड सुती विणीमुळे ती बराच वेळ ओली राहते. वर पुन्हा प्लास्टिक. किती दिवस? भारतीय मानक ४५६ साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस सांगतं, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान दहा, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला चौदापर्यंत न्यावेत अशी शिफारस करतं. आपल्या दुकानात घरगुती कामाला सहसा राखेचंच सिमेंट मिळतं, तेव्हा चौदा धरा.

त्या राखेवर उगाच आळ येतो. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा जळताना धुराड्याकडे जाणारी बारीक राख पकडतात. आपल्याकडे फताटेवाडीजवळच्या १३२० मेगावॅटच्या केंद्रातही ती निघते. तिच्यातली सिलिका एकटी पाण्यात काहीच करत नाही. पण सिमेंटच्या क्रियेत जो चुना तयार होतो त्याच्याशी ती सावकाश संयोग करते आणि आणखी तंतू बनवते. काँक्रीट घट्ट होतं, छिद्रं बारीक होतात. फक्त हे सगळं आठवड्यांच्या हिशेबानं चालतं. चार दिवसांत पाणी उडालं तर राख नुसती भरताड म्हणून राहते, आणि मग शेजाऱ्यांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं.

साच्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तोंडाकडे रुंद आणि बुडाकडे निमुळता असेल तर कुठलाही डबा चालतो. आतून तेलाचा पातळ हात फिरवावा. गुळगुळीत प्लास्टिकचा डबा असला तर पृष्ठभागही तसाच चकचकीत उतरतो, पत्र्याच्या गंजक्या डब्याचा गंजही उतरतो. पाणी जायचं भोक आधीच नळीचा तुकडा उभा करून ठेवा, नंतर ड्रिल मारलं की तडा जातो. टॉवेल सुती आणि वापरून जुना झालेला घ्या. नव्या टॉवेलवर गिरणीतलं फिनिशिंग असतं, तो पाणी लवकर पीत नाही. सिमेंटचा माल चांगलाच अल्कधर्मी, पीएच साडेबारापर्यंत. पण सुताला त्याची फारशी भीती नाही, सूत मर्सराइज करताना, म्हणजे त्याला चमक आणि बळ देताना, कॉस्टिक सोड्यातूनच काढतात हे इथल्या कुणालाही सांगायला नको. हाताच्या कातडीला मात्र आहे. रबरी हातमोजे घातल्याशिवाय टॉवेल पिळू नका, सिमेंटनं होणारी जखम काही तासांनी कळते.

सोलापूरकरांनी आणखी एका गोष्टीला जपावं : साखरेला. इथं साखर कारखाने आहेत, उसाचं गुऱ्हाळ आहे, आणि 'जुन्या वाड्यांच्या बांधकामात गूळ घालायचे म्हणून ते पक्के' हे ऐकीव ज्ञानही आहे. ते चुन्याच्या बांधकामाबद्दल आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून वर्षानुवर्षे सावकाश घट्ट होत जातो. सिमेंटचा रस्ता निराळा. साखरेचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर आणि नुकत्याच उगवणाऱ्या तंतूंवर चिकटून बसतात, कॅल्शियम धरून ठेवतात आणि वाढ रोखतात. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखर पडली तरी माल आवळायला खूप उशीर होतो, थोडी आणखी पडली तर तो दिवसचे दिवस लगदाच राहतो. तेव्हा मजबुतीसाठी गूळ नको, आणि ओल्या मालावर साखरेचं न धुतलेलं पोतंही नको. मिक्सर रस्त्यात बंद पडला तर ड्रममधलं काँक्रीट दगड होऊ नये म्हणून काही ठिकाणी साखरच ओततात.

बागेसाठी कासव करणारे पुष्कळ. उलट्या वाडग्यात पाठ ओतायची, पाय-मान हातानं वळून चिकटवायची. मग हे कासव उत्तरेला तोंड करून ठेवलं की घरात पैसा येतो, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. कासवाचं तोंड कुठल्या दिशेला यावर जेवढी चर्चा होते, तेवढी त्याच्या मालात पाणी किती यावर झाली असती तर निदान त्याची मान तरी टिकली असती. मान तुटते ती दिशेमुळे नाही. पाठ आवळल्यावर कोरड्या सांध्यावर ती चिकटवलेली असते. सांधा ओला करून सिमेंटचा पातळ हात द्यायचा आणि आत तारेचा तुकडा घालायचा, एवढंच त्यात वास्तुशास्त्र.

नव्या कुंडीवर पहिल्या पावसानंतर पांढरट थर फुटतो, त्यानं घाबरू नका. आतला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतो. ब्रशनं घासला की निघतो. राखेच्या सिमेंटात तो कमी फुटतो, कारण राखेनं चुना खाल्लेला असतो. झाडाला मात्र हा चुना सोसत नाही. चौदा दिवस कुंडी बुडवून ठेवताना पाणी दोन-तीन वेळा बदललं की वरवरचा बराचसा चुना निघून जातो. तरी अनंतासारखी आम्लधर्मी माती मागणारी झाडं त्यात लावू नयेत, पानं पिवळी पडतात. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात सिमेंटची कुंडी. कोरफड आणि निवडुंग तिथं सुखानं राहतात, अनंताला मातीची कुंडी द्यावी.