दत्तकाचा वारसाहक्क : इंदूर व माळव्यातील मराठी कुटुंबे

विधिपूर्वक दुसऱ्या कुळात दिलेल्या अपत्याला दत्तक कुळातील मालमत्तेत मिळणारा आणि जन्मकुळात सुटणारा हक्क. आज हा विषय मुख्यतः हिंदू दत्तक आणि निर्वाह अधिनियम, १९५६ (अंमल २१ डिसेंबर १९५६) व हिंदू वारसा अधिनियम, १९५६ (अंमल १७ जून १९५६) यांच्या कक्षेत येतो. तरी इंदुरातील रामबाग, नारायणबाग भागांतल्या जुन्या कुटुंबांच्या मालमत्तेची परंपरा पाहताना १९५६ पूर्वीच्या दत्तकापर्यंत मागे जावे लागते. तेथे पहिला प्रश्न येतो तो असा : या घराला कोणत्या शाखेचा धर्मशास्त्रीय कायदा लागू होता?

विधवेचा अधिकार आणि शाखाभेद. वादाचे मूळ वसिष्ठ धर्मसूत्रातील एका वचनात आहे. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये वा घेऊ नये, असे ते वचन सांगते. त्याचे चार अर्थ लावले गेले. मिथिलेच्या मते अनुज्ञा दत्तक घेतेवेळीच हवी, म्हणून विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगाल व बनारस शाखांनी पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा पुरेशी मानली. द्रविड शाखेने पतीची अनुज्ञा नसल्यास सपिंडांची (पतीच्या जवळच्या भाऊबंदांची) संमती चालवून घेतली. महाराष्ट्रात व्यवहारमयूख आणि संस्कारकौस्तुभ या ग्रंथांनी वचनाचा रोख सधवेकडे वळवला. पती हयात असेल तर त्याची अनुज्ञा हवी. विधवेने मात्र पतीने मनाई केलेली नसेल तर आपल्या अधिकारात दत्तक घ्यावा, असा हा पक्ष. नंद पंडिताची दत्तकमीमांसा (सामान्यतः सतराव्या शतकाचा पूर्वार्ध) याउलट विधवेच्या अधिकाराविषयी कठोर आहे. दत्तकचंद्रिकेचे कर्तृत्व वादग्रस्त असून ती बरीच अलीकडची, बंगालात रचलेली असावी या मताकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. तिचा आधार जपूनच घेतलेला बरा.

माळवा आणि ग्वाल्हेरचा मुलूख सर्वसाधारणपणे बनारस शाखेत मोडतो, बडोदे मात्र मयूखाच्या प्रदेशात. होळकर-शिंद्यांबरोबर अठराव्या शतकात दख्खनेतून आलेल्या घरांचे काय, यावर प्रिव्ही कौन्सिलचे (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचे) तत्त्व ठरलेले होते. स्थलांतर करणारे कुटुंब आपला वैयक्तिक कायदा बरोबर घेऊन जाते, आणि त्याने तो सोडला असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. बरोबर येतो तो कायदा निघतेवेळचा. मूळ प्रांतात नंतर रूढ झालेली नवी चाल त्याला चिकटत नाही. सोयरीक कोणाशी होते, उपाध्याय कोण, श्राद्ध-मुंजीचे विधी कोणत्या पद्धतीने होतात, हे पुरावे म्हणून पाहिले जात. म्हणून इंदुरातील देशस्थ, कऱ्हाडे वा मराठा घरातील विधवेने पतीच्या लेखी अनुज्ञेशिवाय घेतलेला दत्तक टिकू शके, आणि शेजारच्या वाड्यातील बनारस शाखेच्या घरात तसाच दत्तक रद्दबातल ठरू शके. शाखाभेदाचा हा मुद्दा या संस्थानांच्या इतिहासलेखनात फार कमी पाहिला गेला. वास्तविक जुन्या वाटणीच्या कागदांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

विधींपैकी प्रत्यक्ष देणे-घेणे, म्हणजे मूल मांडीवर देणे, नेहमीच अनिवार्य मानले गेले. दत्तहोमाविषयी मतभेद होते. ताई महाराज प्रकरणात (१९०१ साली औरंगाबादेत झालेला दत्तक, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल १९१५) सगोत्र दत्तकाला होम आवश्यक नाही हे मान्य झाले. १९५६ च्या दत्तक अधिनियमाने तो कोणत्याच दत्तकाला आवश्यक ठेवला नाही.

राज्य आणि खाजगी मालमत्ता. दत्तकाने गादी मिळते का आणि दत्तकाने घर-दागिने मिळतात का, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकात वेगळे पाडले गेले. डलहौसीच्या धोरणात सातारा (१८४८), नागपूर व झाशी ही राज्ये खालसा झाली, पण खाजगी मालमत्तेपुरता दत्तक कंपनी सरकारने मान्य केला. त्याचे इंदूरशी जोडलेले उदाहरण म्हणजे झाशीचे दामोदरराव. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांच्या निधनाच्या आदल्या दिवशी हा दत्तक झाला. राज्य नाकारले गेले. खजिन्यातील रक्कम (बहुतेक लेखक सुमारे सहा लाख रुपये देतात) मात्र अज्ञान दत्तकाच्या नावे सरकारने ठेवून घेतली. १८५७ नंतर ती त्यांना मिळाली नाही. दामोदरराव इंदुरात तुटपुंज्या पेन्शनवर राहिले आणि १९०६ मध्ये तेथेच वारले. मान्य केलेला हक्कही हाती न पडल्याचे हे उदाहरण आहे, आणि ते अन्यायाचेच म्हटले पाहिजे.

१८६२ मध्ये कॅनिंगच्या सनदांनी होळकर, शिंदे, गायकवाड यांच्यासह अनेक संस्थानिकांना दत्तकाची हमी दिली. ग्वाल्हेरीस जनकोजीराव (१८२७) व जयाजीराव (१८४३) यांचे दत्तक त्याआधीचे, तर २७ मे १८७५ रोजी जमनाबाईंनी बडोद्यात घेतलेला सयाजीरावांचा दत्तक या हमीनंतरचा. संस्थानांतील इनाम-जहागिरींच्या बाबतीत खाजगी दत्तक पुरत नसे. दरबारची मंजुरी आणि नजराणा लागे.

जुने व नवे हिस्से. दत्तकानंतर औरस पुत्र जन्मला तर दत्तकाला चतुर्थांश, असे वसिष्ठाचे वचन आहे. त्याची व्याख्या प्रांतागणिक बदलली. मुंबई इलाख्यात एक औरस व एक दत्तक असता औरसाला चार व दत्तकाला एक, म्हणजे पाचवा हिस्सा. १९५६ नंतर दोघे समान.

त्याहून मोठा बदल मागे पोचण्याच्या नियमात झाला. पूर्वी विधवेने घेतलेला दत्तक पतीच्या मृत्यूच्या दिवसापासून धरला जाई. तीस वर्षांनी घेतलेला दत्तक मधल्या वारसाकडे गेलेली मालमत्ताही परत ओढू शके. चुलत घराण्याकडून वारशाने मिळालेल्या मालमत्तेपर्यंत हा नियम जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ठरवले. आताच्या दत्तक अधिनियमाच्या कलम १२ नुसार परिणाम दत्तकाच्या तारखेपासूनच होतो आणि तीन गोष्टी जपल्या जातात : जन्मकुळातील विवाहनिषेध कायम राहतो, दत्तकापूर्वी मुलाकडे निहित झालेली (कायद्याने त्याच्या मालकीत आलेली) मालमत्ता त्याच्याकडेच राहते, आणि दत्तकापूर्वी दुसऱ्या कोणाकडे निहित झालेली मालमत्ता दत्तक काढून घेऊ शकत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होते. स्वकष्टार्जित घर असलेला पुरुष १९९० मध्ये मृत्युपत्राविना वारला. मागे आई, पत्नी व एक मुलगी. तिघींना प्रत्येकी एक तृतीयांश. १९९५ मध्ये पत्नीने मुलगा दत्तक घेतला. तो मृत पतीचाही पुत्र गणला जातो (सर्वोच्च न्यायालय, १९६७), पण आजी व बहीण यांच्या हिश्शांना हात लावू शकत नाही. विधवा मृत्युपत्राविना वारली की तिचा तृतीयांश मुलगी व दत्तक यांच्यात समान, म्हणजे घराचा प्रत्येकी एक षष्ठांश. भाऊबंदांत घरी-दारी कटुता येते ती बहुधा इथेच, कारण दत्तकाला ‘बापाचे सगळे घर’ मिळेल असे सांगून आणलेले असते.

एकत्र कुटुंबाची अविभक्त मालमत्ता असेल तर गणित निराळे. मध्य प्रदेशातून आलेल्या सीताबाई विरुद्ध रामचंद्र (१९६९) या निकालात विधवेचा दत्तक हयात दिराबरोबर सहदायाद (एकत्र मालमत्तेतील हिस्सेदार) मानला गेला. एकट्या उरलेल्या सहदायादाकडे मालमत्ता पूर्णतः निहित झाली असे म्हणता येत नाही, म्हणून दत्तक वाटणी मागू शकतो, हे १९८८ मध्ये महाराष्ट्रातील प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. मात्र त्याआधी झालेल्या विक्रीला तो धक्का लावू शकत नाही.

जन्मकुळातील अविभक्त हिस्सा ‘निहित’ मालमत्ता होते का, यावर उच्च न्यायालयांत दुमत राहिले. आंध्र प्रदेशातील १९८१ चा निकाल होकाराचा, मुंबईचा १९९२ चा नकाराचा. वाटणी होऊन ठरलेला हिस्सा व नुसती सहदायादी यांत फरक करणारे मुंबईचे मत अधिक सयुक्तिक वाटते. मूल देण्यापूर्वी वाटणीपत्र करून घेतल्यास हा वाद उद्भवत नाही.

दत्तक कशाने पडतो. अवैध दत्तकाने नव्या घरात हक्क येत नाही आणि जन्मघरातील जात नाही (कलम ५). नेहमीचे दोष असे. मूल देण्याचा अधिकार आई, वडील व न्यायालयाची परवानगी घेतलेला पालक यांनाच आहे. आजोबा वा चुलत्याने मांडीवर दिलेले मूल दत्तक होत नाही. स्त्रीने मुलगा वा पुरुषाने मुलगी घेतल्यास वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. ३४ वर्षांच्या विधवेने घेतलेला १४ वर्षांचा मुलगा एक वर्ष कमी पडल्याने बाद होतो. मुलगा घेताना मुलगा, नातू वा पणतू हयात असता कामा नये. मुलगी असण्याची आडकाठी नाही. पंधरा वर्षे पूर्ण झालेला वा विवाहित मुलगा घेता येत नाही, पण रूढी असल्यास येतो. मुंबई प्रांतातील अशी रूढी न्यायालयांनी मानली आहे. इंदुरातील कुटुंबाने ती आपल्या घराला लागू असल्याचे दाखवावे लागते. विवाहिताच्या दत्तकात पत्नी त्याच्याबरोबर येते, आधी जन्मलेला मुलगा जन्मकुळातच राहतो.

पत्नीची संमती हा सर्वांत नाजूक दुवा आहे. घिसालाल विरुद्ध धापूबाई (२०११) या, मध्य प्रदेशातूनच गेलेल्या, खटल्यात समारंभात पत्नी हजर होती एवढ्यावरून संमती मानता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. फोटोत ती पाटाशेजारी बसलेली दिसते, पण दत्तकपत्रावर तिची सही नाही, अशा कागदावर विसंबू नये. कलम १६ चे गृहीतक (दत्तक कायद्याप्रमाणे झाला असे न्यायालयाने धरून चालणे) मिळण्यासाठी दत्तकपत्र नोंदणीकृत आणि देणारा व घेणारा दोघांच्या सहीचे लागते. त्यात देण्या-घेण्याची तारीख व ठिकाण, मुलाची जन्मतारीख, दोन्ही बाजूंच्या पती-पत्नींची संमती, वय जास्त असल्यास रूढीचा उल्लेख, आणि दोन साक्षीदार असावेत. दत्तकानंतर शाळेचा दाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा ओळख क्रमांक) यांवर जनक पित्याचेच नाव राहिले तर तीच पुढच्या दाव्यात विरोधकाची पहिली कागदपत्रे ठरतात.

शेतजमिनीचे नामांतरण तहसीलदाराकडे, शहरातील घराचे नाव महापालिकेच्या संपत्तिकर खात्यात आणि लीजच्या भूखंडाचे विकास प्राधिकरणाकडे बदलावे लागते. या नोंदींनी मालकी सिद्ध होत नाही. भाऊबंदांनी हरकत घेऊन दत्तकच नाकारला तर दिवाणी न्यायालयातून घोषणा घ्यावी लागते.

दत्तक घेतल्याने पालकांचा मालमत्ता विकण्याचा वा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार जात नाही (कलम १३). तसा करार केला असेल तरच तो बांधला जातो, आणि तो दत्तकपत्रातच लिहिलेला बरा. झालेला वैध दत्तक रद्द करता येत नाही, आणि दत्तकालाही जन्मकुळात परतता येत नाही.

मुली व अन्य कायदे. जुन्या शास्त्रात दत्तक कन्येला सामान्यतः स्थान नव्हते. १९५६ पासून ती पुत्राच्या बरोबरीने वारस आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाच्या तारखेपासून सहदायादही. बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील दत्तक कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस घेता येतो. त्याचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हादंडाधिकारी देतात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली नेमलेल्या पालकाच्या पाल्याला वारसाहक्क मिळत नाही, मृत्युपत्र करावे लागते. माळवा-निमाडातील भिल्ल, भिलाला इत्यादी अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेवाचून १९५६ चे हे दोन्ही कायदे लागू नाहीत. तेथे जमातीची रूढीच सिद्ध करावी लागते.