जळालेल्या भिंती अधिक का सांगतात?

इंग्रजांनी १६०७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात वसवलेल्या जेम्सटाउनची सुरुवातीची कित्येक घरे मातीची होती. जमिनीत खांब रोवायचे, त्यांच्या चौकटीत उभ्या पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवर गवत कालवलेल्या चिखलाचा जाड थर द्यायचा, ही इंग्लंडमधल्या लिंकनशरची रीत त्यांनी सोबत आणली होती. तिथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात अशा घरांचा माग लागला तो मुख्यतः खांबांच्या खड्ड्यांवरून, कारण लाकूड कुजले तरी त्या जागी मातीचा गडद डाग उरतो.

भिंतीचे मात्र तसे नसते. छप्पर गेले की न भाजलेली भिंत दरेक पावसात थोडी विरघळते आणि अखेर तिचा जो थर उरतो, तो आजूबाजूच्या मातीतून नुसत्या नजरेने वेगळा काढणे अवघड जाते. अशा वेळी मातीचा ठोकळा न मोडता उचलतात, राळेने घट्ट करतात आणि घासून त्याचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कुजून गेलेल्या गवताच्या लांबट पोकळ्या दिसल्या, तर ती कालवलेली माती असण्याची शक्यता बळावते.

आगीत सापडलेल्या भिंतीची गोष्ट निराळी. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीतील खनिजांच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते. मग ती माती भिजली तरी पुन्हा चिखल होत नाही. अशा भाजक्या ढेकळाच्या एका अंगावर कुडाच्या काठ्यांचे गोल ठसे असतात, तर दुसऱ्या अंगावर कधीकधी चुन्याचा हात दिलेला दिसतो. काठीची जाडी तर मोजूनच घेता येते! फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन हे १५६५ मधले स्पॅनिश गाव १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने जाळले. अशा आगी अभ्यासकाच्या पथ्यावर पडतात खऱ्या, पण त्यामुळे जळालेली घरेच डोळ्यांत भरतात आणि न जळता ढासळलेली हिशेबातून सुटतात.

कॅलिफोर्नियात स्पॅनिश मिशन-वसाहती, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या वसाहती, १७६९ पासून उभ्या राहिल्या. त्यांच्या उन्हात वाळवलेल्या अडोबी विटांतून जॉर्ज हेंड्री या अभ्यासकाने वनस्पतींचे अवशेष वेगळे काढले. त्यांत फिलारी या परदेशी तणाचेही अवशेष मिळाले. सांता बार्बराजवळच्या समुद्रतळातील गाळात याच तणाचे परागकण सापडले असून, ते तण मिशनच्याही काही वर्षे आधी तिथे पोचले असावे, असे त्यांवरून दिसते.

विटेतले बी विटेइतके जुने किंवा तिच्याहूनही जुने असते, कारण पाडलेल्या भिंतीची माती पुन्हा मळून नवी वीट घालता येते. म्हणूनच बियांवरून तारीख काढण्याआधी ती भिंत मूळची की डागडुजीची, हे ठरवावे लागते.