ट्रायलमधलं औषध फुकट, पण तिथवर पोचायचं कसं?

कर्करोगाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवर होणाऱ्या चाचणीत, गेलं की सगळं फुकट होतं, असा पक्का समज आहे. नवं औषध बहुधा फुकटच मिळतं. पण औषध रक्तात किती वेळ टिकतं ते मोजायचं असेल, तर रुग्णाला दिवसभर केंद्रावर थांबून दर काही तासांनी रक्त द्यावं लागतं. प्रवास, मुक्काम, रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, हे सगळं घरातून जातं. मग ज्याला परवडतं तोच येतो. हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यामुळे विज्ञानाचं उत्तरही चुकू शकतं.

फुप्फुसाच्या कर्करोगावरचं गेफिटिनिब हे औषध घ्या. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन, असतो. वाढीचा संदेश आला की तो एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेतो आणि आतल्या प्रथिनांची साखळी जागी करतो. काही गाठींमध्ये या प्रथिनात 858व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतल्या दुव्याऐवजी) आर्जिनीन येतं. तेवढ्यानं रिसेप्टर संदेशाविनाही चालूच राहतो आणि पेशी त्याच्याच जिवावर जगू लागते. गेफिटिनिब रिसेप्टरमध्ये एटीपी जिथे बसतो त्या खोबणीत शिरतं. बदललेल्या रिसेप्टरवर एटीपीची पकड सैल झालेली असते, म्हणून औषध ती जागा सहज बळकावतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, गेफिटिनिबच्या आयसेल नावाच्या चाचणीत सरसकट पाहता रुग्णांचं आयुष्य लक्षणीय वाढलं नव्हतं. आशियाई वंशाच्या आणि कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांत मात्र फायदा दिसला, कारण हा बदल त्यांच्यात जास्त आढळतो. ते चाचणीत आलेच नसते, तर हा फायदा तिथे दिसलाच नसता.

प्रवासखर्च देणं म्हणजे आमिष, अशी ट्रायलना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांना धास्ती असे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं 2018 मध्ये स्पष्ट केलं, की प्रवास-मुक्कामाचा वाजवी खर्च भरून देणं हे आमिष नव्हे. मला हे अगदी योग्य वाटतं. खिशातून गेलेलं परत मिळालं म्हणून कुणी श्रीमंत होत नाही. उलट, सिद्ध न झालेल्या ‘चमत्कारी’ उपचाराला ट्रायल म्हणत त्याचेच भरमसाट पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं.

तरी एक अडचण उरते. बिलं दिल्यावर महिन्यांनी पैसे येणार असतील, तर हातात रोकड नसलेला माणूस पहिल्याच फेरीला गळतो. तिकीट केंद्रानंच काढून द्यावं, साध्या रक्ततपासण्या घराजवळच्या लॅबमध्ये होऊ द्याव्यात. संमतिपत्रावर सही करण्याआधी रुग्णानंही बिनदिक्कत विचारावं: नेहमीच्या तपासण्यांचं बिल कोण भरणार, आणि प्रवासाचे पैसे आधी मिळणार की नंतर?